उष्णजलमंडलातील पाणी जाते कोठे?

ब्रिटनसारख्या थंड देशांत बहुतेक घरांच्या खोल्यांतून भिंतीलगत पोलादी पत्र्याची एक चपटी, पोकळ पेटी बसविलेली आढळते. हिला रेडिएटर म्हणतात. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने नळ्यांवाटे या पेट्यांत खेळते, खोलीस उष्णता देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे परतते. आधुनिक घरांत हे मंडल सर्व बाजूंनी बंद असते. एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे पुरावे अशी अपेक्षा असते. असे असता दाबमापकाचा काटा दर आठवड्यास खाली उतरू लागला, तर पाणी जाते कोठे?

थंड असताना या मंडलात सामान्यतः 1 ते 1.5 बार दाब ठेवतात. 10 अंश सेल्सियसचे पाणी 80 अंशांपर्यंत तापविले, की त्याचे आकारमान शेकडा सुमारे 3 ने वाढते. म्हणजे 100 लिटर पाण्यास जवळजवळ 3 लिटर जागा अधिक हवी. पाणी तर दाबून लहान होत नाही. म्हणून मंडलास प्रसरणपात्र जोडलेले असते. त्यात रबराचा पडदा असून एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस दाबून भरलेली हवा किंवा नायट्रोजन असतो. वाढलेले पाणी पडदा ढकलते, वायू आकुंचन पावतो आणि दाब बेताने चढतो.

पडदा फाटला किंवा वायू निघून गेला, म्हणजे ही सोय नाहीशी होते. पाणी तापताच दाब 3 बारपर्यंत जातो, सुरक्षा झडप उघडते आणि पाणी भिंतीबाहेरील नळीतून सांडते. पुढे पाणी निवते, आकुंचन पावते. काटा शून्याजवळ येतो. गृहस्थ तोटी उघडून पाणी भरतो व निश्चिंत होतो. वास्तविक दुसऱ्या दिवशी तेच चक्र पुन्हा फिरणार असते! शिवाय प्रत्येक नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत शिरतो, पोलाद गंजते आणि काळा गाळ साचून पंपाचे व नळ्यांचे मार्ग अडतात. दुरुस्तीपेक्षा हे पाणी भरणेच अखेरीस महाग पडते.

परीक्षा सोपी आहे. बाहेरील नळीच्या तोंडाला रात्री प्लास्टिकची पिशवी बांधावी. सकाळी तीत पाणी आढळल्यास संशय प्रसरणपात्रावर किंवा खुद्द सुरक्षा झडपेवर जातो. पात्राला मोटारीच्या चाकास असते तशीच हवेची झडप असते. तिची सुई दाबल्यावर पाणी आले, तर पडदा फाटला असे खुशाल समजावे. काहीच आले नाही, तर वायू संपला आहे. मात्र वायूचा दाब मोजण्यापूर्वी मंडलातील पाण्याचा दाब शून्यावर आणला पाहिजे. एरवी पडद्यापलीकडील पाण्याचाच दाब मोजला जातो. ही चूक जाणत्यांकडूनही होते.

पिशवी कोरडी राहिली, तर गळती अन्यत्र शोधावी. गरम नळीच्या सांध्यातून झिरपणारा थेंब जागीच वाळतो; मागे राहतो तो केवळ पांढरट किंवा हिरवट डाग. तोही न दिसल्यास बॉयलर बंद करून, निवल्यावर त्याच्याखालील जाण्यायेण्याच्या दोन्ही झडपा रात्रभर मिटाव्यात. बॉयलरवरील काटा तरीही उतरला, तर दोष बॉयलरच्या आत आहे. काटा स्थिर राहिला आणि झडपा उघडताच घसरला, तर पाणी नळ्यांतून किंवा रेडिएटरांतून जात आहे. बहुधा फरशीखाली, जेथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही.