न ओसरणारी कावीळ

कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या दुधनीत कोणाचे डोळे पिवळे दिसले, की मराठी घरात 'कावीळ' आणि कानडी घरात 'कामाले' हे निदान ओट्यावरच होऊन जाते. उपायही अशा मुलखात ठरलेले असतात. कोठे डोक्यावर काड्यांची माळ घालतात, कोठे चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळे पाणी दाखवतात. माळ लांबते ती काड्या सुकून गाठी सैल झाल्यामुळे. परंतु रुग्ण पुष्कळदा खरोखरच बरा होतो, हेही खोटे नव्हे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. प्रश्न आहे तो न ओसरणाऱ्या काविळीचा.

यकृतातील पित्त बारीक नलिकांतून आतड्याकडे वाहते. काहींच्या शरीरात या नलिकांनाच जुनाट दाह होतो. त्या आकसतात, पित्त तुंबते आणि वर्षानुवर्षांच्या कोंडीने यकृत निबर होत जाते. याचा एक प्रकार मध्यमवयीन स्त्रियांत अधिक आढळतो. दुसरा बहुधा पुरुषांत, आणि पुष्कळदा मोठ्या आतड्याच्या व्रणदाहासोबत.

आरंभी डोळे पिवळे होतच नाहीत. जाणवतो तो थकवा आणि कंड. ही कंड तळहात-तळपायांना अधिक सुटते, रात्री वाढते, झोप हिरावून घेते. अंगावर पुरळ मात्र नसते. तुरीच्या या पट्ट्यात खाजेला मळणीचा भुसा हे कारण तयारच असल्याने मलमे लावण्यात काळ जातो. वस्तुतः यकृताची साधी रक्ततपासणी संशय येण्यास बहुधा पुरेशी असते.

निदान झाले, तरी दुसरा जाच सुरू होतो. यकृत बिघडले म्हणजे माणूस पीत असणार, ही समजूत इतकी घट्ट आहे, की आयुष्यात थेंबही न घेतलेल्या गृहिणीच्या पाठीमागेही कुजबुज होते. ही कुजबुज केवळ खेड्यातली नव्हे. स्त्रियांतील या विकाराच्या इंग्रजी नावात 'सिऱ्होसिस' हा दारूशी जोडला गेलेला शब्द होता; बहुतेक रुग्णांना ती अवस्था आलेलीही नसते. रुग्णांनीच आग्रह धरला आणि २०१५ मध्ये त्याजागी 'कोलँजायटिस', म्हणजे पित्तनलिकांचा दाह, हा शब्द आला.

या प्रकारात अर्सोडीऑक्सीकोलिक आम्लाची रोजची गोळी बहुतेकांचा आजार दीर्घकाळ रोखून धरते; दुसऱ्यात तिने आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही. शेवटचा मार्ग यकृतारोपणाचा. १९६३ साली अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी पहिला प्रयत्न केला तो जन्मतः पित्तमार्ग बंद असलेल्या बालकावर, आणि तो वाचला नाही. भारतात १९९८ मध्ये दिल्लीला पित्याच्या यकृताचा तुकडा मिळून वाचलेल्या चिमुकल्याचाही आजार तोच होता.

अर्थात बहुसंख्यांचे आयुष्य शस्त्रक्रियेत नव्हे, सांभाळण्यात जाते. ठरावीक महिन्यांनी रक्त, अधूनमधून सोनोग्राफी. त्यासाठी रजा, सोलापूरची गाडी आणि जुन्या अहवालांची पिशवी. प्रकृती वरून धडधाकट दिसत असल्याने कचेरीत रजेचे कारण पटवणे हेही एक कामच होऊन बसते. घरच्यांनी मात्र एक खूण पक्की ध्यानात ठेवावयाची: हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि पिवळे डोळे. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याची ती लक्षणे असू शकतात, आणि तेव्हा सकाळच्या गाडीची वाट पाहावयाची नसते. रात्रीच रुग्णालय गाठावयाचे असते.