अ‍ॅट्रॉसिटी करतो कोण?

भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात, सकाळच्या लोकलमध्ये, चाळीच्या नळावर एक वाक्य आपण सर्वांनीच ऐकले असेल. ‘‘जपून बोला हो, नाहीतर हा अ‍ॅट्रॉसिटी करील!’’ ऐकणारे हसतात. आपलेही काही बांधव हसून सोडून देतात. आम्हाला हे हसणे मान्य नाही.

अ‍ॅट्रॉसिटी या इंग्रजी शब्दाचा अर्थ क्रूर, अमानुष कृत्य. १९८९ च्या कायद्याच्या मराठी नावातही ‘अत्याचार प्रतिबंध’ असेच शब्द आहेत. म्हणजे अ‍ॅट्रॉसिटी करतो तो अत्याचारी. पण बोलताबोलता शब्द उलटा फिरला. ‘अमक्याने अ‍ॅट्रॉसिटी केली’ म्हणजे त्याने तक्रार नोंदविली, असा अर्थ रूढ झाला. सोसणारा गुन्हेगार ठरला आणि छळणारा बिचारा!

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, पण या कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही. खून मान्य झाला, खुनामागची जात मात्र निकालातून निसटली. २० मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कायद्याला बंधने घातली. देशभर आंदोलन झाले आणि त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ आणून ती दूर केली. एवढ्या कष्टाने टिकविलेला कायदा थट्टेवारी जाऊ द्यायचा काय?

म्हणून काही गोष्टी घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात. पोलीस ठाण्यात ‘अ‍ॅट्रॉसिटी लावायची आहे’ एवढेच सांगू नये. कोणी, कुठे, केव्हा, कोणासमोर, नेमके कोणते शब्द वापरले, ते लिहून द्यावे. जातीवरून केलेला अपमान लोकांदेखत झाला का, हे कायदा पाहतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्यावी. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करावयाचा नाही. आपल्याकडे २०२० पासून पोलीस आयुक्तालय असल्याने तो सहायक पोलीस आयुक्तांकडे जातो. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला काढून ठेवावा. १४५६६ हा मदतीचा क्रमांकही भिंतीवर लिहावा.

आणि पुढच्या वेळी कोणी ते वाक्य टाकले, तर शांतपणे विचारावे : ‘‘अ‍ॅट्रॉसिटी करतो कोण, ते तर सांगा!’’