गावठी कोंबड्यांतील विविधता व रोगप्रतिकारक शक्ती

लोहगड व विसापूर या किल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेल्या भाजे या गावासारख्या मावळातील अतिवृष्टीच्या गावी परसात कोंबड्या पाळावयाच्या, तर गावठी जातीच अधिक काटक ठरतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु "गावठी कोंबडीला रोग होत नाही" ही समजूत मात्र खरी नव्हे. मानमोडीची साथ आली की लस न टोचलेले गावठी कोंबड्यांचे खुराडेही चार-आठ दिवसांत रिकामे होते. मग काटकपणा तो कोणता?

गावठी कोंबड्यांकडे नीट पाहिले तर एकाच खुराड्यात काळ्या, तांबड्या, ठिपक्यांच्या, क्वचित उघड्या मानेच्याही कोंबड्या आढळतात. काहींचे पाय पिवळे असतात. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाली. परंतु पिवळ्या कातडीचा गुण सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. जी विविधता पिसांत व पायांत दिसते, तशीच एक न दिसणारी विविधता रक्तातही असते आणि रोगाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची होय.

कोंबड्यांच्या रक्तगटांपैकी 'बी' नावाच्या गटाचा शोध अमेरिकेत १९५० च्या सुमारास लागला. या गटाची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर असतात. शरीरात जंतू शिरला म्हणजे त्याचे बारीक तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून संरक्षक पेशींना दाखविण्याचे काम यांपैकी काही जनुकांपासून होणारी प्रथिने करितात. चोराचा माग राखणदाराला दाखवावा, तसाच हा प्रकार. प्रत्येक प्रकारचे प्रथिन निरनिराळे तुकडे धरिते. ज्या कोंबडीचे प्रथिन त्या जंतूचा तुकडा धरू शकत नाही, तिचे रक्षण दुबळे पडते. पाय लुळे पाडणाऱ्या मरेक रोगात 'बी-२१' प्रकारच्या कोंबड्या बऱ्याच तग धरितात, तर 'बी-१९' प्रकारच्या सहज बळी पडतात. म्हणून खुराड्यात अनेक प्रकार असले, तर एकाच रोगाने सर्वनाश होण्याचा संभव कमी होतो.

एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेविला, तर मुली-नातींशी त्याचा संकर होऊन ही विविधता आटते. याकरिता वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा निरोगी कोंबडा आणावा व दोन-तीन आठवडे तो निराळ्या डालग्यात ठेवून मगच इतरांत सोडावा. मानमोडीतून वाचलेली प्रत्येक कोंबडी आनुवंशिक गुणामुळेच वाचली असे मानू नये. काहींना रोगाची लागणच झालेली नसते. मान वाकडी राहिलेल्या पक्ष्यांची पैदास करू नये. साथ सुरू होताच कोंबड्या बाजारात नेऊन विकण्याची रीत तर घातकच आहे. तिने रोग पुढच्या गावी जातो.

लस न टोचता केवळ जातीवर विसंबणे योग्य नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यांत वा नाकपुडीत लासोटा किंवा एफ जातीच्या लसीचा थेंब द्यावा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्यांना आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लस बर्फावर आणावी, उन्हात ठेवू नये, आणि आजारी पक्ष्यांना देऊ नये. पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्थेत अशा लसी तयार होतात. ग्रामसेवकांनी पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधून संपूर्ण वाडीचे लसीकरण एकाच दिवशी घडवून आणावे, कारण एका घरच्या कोंबड्या दुसऱ्याच्या अंगणात चरतातच.