पहिलें भोंक कोणाच्या हाडास?

गेल्या पावसाळ्यांत अंगणांत उतरतांना पाय घसरून आमच्या सौभाग्यवतींचें मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेपूर्वीं भेटावयास आलेले डॉक्टर वयानें आमच्या धाकट्या चिरंजिवांहूनही लहान! पाय उत्तम सांधला गेला. पण बाहेर बांकावर बसलों असतां आमच्या शिक्षकी मनांत एकच प्रश्न घोळत होता : यांनीं पहिलें भोंक पाडलें तें कोणाच्या हाडास?

प्रश्न पोरकट नव्हे. हाडाची बाहेरची भिंत कठीण, आंत मऊ मज्जा, पलीकडे पुनः कठीण भिंत. ती दुसरी भिंत भेदतांच हात थांबला पाहिजे. पुढें रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. ही जाणीव व्याख्यान ऐकून येत नाहीं.

घरीं येऊन आम्हीं सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा नववा अध्याय काढला. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर. भेदनाचा पाणी वा चिखल भरलेल्या चामडी पिशव्यांवर. पट्टे बांधणें मनुष्याच्या पुतळ्यावर. शास्त्र कितीही पढलेला असो, सरावावांचून तो कर्मास अयोग्य, असा तेथील अभिप्राय आहे. मात्र ‘सगळें आमच्याकडे होतेंच’ म्हणून मिशीवर हात फिरविणाऱ्यांतले आम्ही नव्हे; भोपळ्यांत स्क्रू बसवून हाड सांधण्याची विद्या येत नाहीं!

स्वित्झर्लंडांतील दावोस येथें १९६० सालीं हाडांवर पट्ट्या व स्क्रू बसविण्याचे प्रत्यक्ष धडे सुरू झाले. पुढें कृत्रिम हाडें आलीं, गुडघ्यांत दुर्बीण घालण्याच्या सरावाचीं यंत्रेंही आलीं. ऑक्सफर्ड येथील २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वीस शिकाऊ डॉक्टरांपैकीं ज्यांनीं आधीं यंत्रावर सराव केला, त्यांचा हात खऱ्या रुग्णावर अधिक चांगला चालला.

आम्हांस त्याहून रुचलें तें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील साधन. मांडीच्या हाडांत सळई बसविण्याच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवरचा निर्णय आणि तेथें होणारी चूक, हें सर्व अनुभवी शस्त्रवैद्यांकडून काढून घेऊन विद्यार्थ्यापुढें मांडलेलें. मुरलेल्या माणसास आपण काय करतों तें सांगतां येत नाहीं. हात करून जातो. आम्हींही तीस वर्षें संधिप्रकरण शिकविलें, पण मुलगा नेमका कोठें अडखळतो तें एकदांही लिहून ठेवलें नाहीं.

टांके काढावयाच्या दिवशीं धीर करून डॉक्टरांस विचारलें. ते हंसून म्हणाले, “प्लास्टिकच्या हाडास, गुरुजी. आणि टोंक पार टेबलांत शिरलें होतें!”

सौभाग्यवती आतां काठी टेकीत तुळशीपर्यंत जातात.