केसर आणि किंजल्क : पुष्पपरिभाषेतील काही शब्द

संस्कृतात केसर व किंजल्क हे पर्यायशब्द होत. अमरकोशात ते शेजारी-शेजारी आले असून फुलाच्या गाभ्यातील तंतू एवढाच त्यांचा अर्थ आहे. त्यांतील नर अवयव कोणता व मादी कोणता, हा प्रश्न कोशकारापुढे नव्हता. परागांचे कार्य कामेरारियुसने प्रयोगांनी दाखविले ते १६९४ मध्ये.

मराठी परिभाषाकारांस मात्र दोन अवयवांसाठी दोन शब्द हवे होते. त्यांनी पर्यायांचीच वाटणी केली. पराग निर्माण करते ते केसरदल. पराग ज्यावर पडतात तो किंजल्क. 'किंज' हा अंश वेगळा काढून किंजदल, किंजपुट, किंजमंडल ही मालिकाही सिद्ध झाली. मराठी विश्वकोशाने हीच परिभाषा स्वीकारली आहे. व्युत्पत्तीचा आधार नसला तरी ही वाटणी मला ग्राह्य वाटते, कारण संज्ञेस नियत अर्थ असला म्हणजे पुरे.

घोटाळा होतो तो बाजारातील केशरापाशी. पांपूरच्या शेतांत फुलणाऱ्या त्या फुलात तीन पिवळी केसरदले असतात. पण वाळवून विकतात ते तांबडे किंजल्क. म्हणजे केशर हे परिभाषेतील केसर नव्हे! नागकेशराचे नाव मात्र त्याच्या पिवळ्या केसरदलांच्या झुपक्यास यथार्थ लागू पडते.

शालेय पाठ्यपुस्तकांनी निराळा मार्ग धरला. विश्वकोशातील संवर्त तेथे निदलपुंज होतो, केसरमंडल पुमंग, किंजमंडल जायांग, आणि किंजल्क कुक्षी. या शेवटच्या शब्दास माझा आक्षेप आहे. कुक्षी म्हणजे उदर. मराठी 'कूस' त्यापासूनच आली. बीजके असतात अंडाशयात, आणि कुक्षी हे नाव मिळाले टोकावरील चिकट भागास.

पुष्पबंधाच्या संज्ञांत अडचण उलट आहे. तेथे शब्द ओळखीचे असल्यामुळेच फसवितात. एका सरळ अक्षावर बिनदेठाची फुले असतील तर तो पुष्पबंध कणिश. आपले कणीस याच शब्दापासून आले, परंतु ज्वारीच्या कणसाचा अक्ष शाखायुक्त असल्यामुळे शास्त्रदृष्ट्या ती परिमंजरी होय. झेंडूचे एक फूल म्हणजे अनेक पुष्पकांचे स्तबक. तुळशीची मंजिरीही खरी मंजरी नव्हे : तिच्या प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर दोन लहान कुंठित पुष्पबंध असतात, व त्या प्रत्येकात मधले फूल आधी उमलते.