पेशी मेली, खूण उरली

नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरात त्वचेच्या कर्करोगाच्या ८ रुग्णांवर झालेला एक छोटा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी प्रयोगशाळेत तयार करून लसिकाग्रंथीत टोचायच्या होत्या. सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत घातली होती. पेशींमध्ये लोहाचे नॅनोकण आधीच भरलेले असल्यामुळे त्या कुठे पोचल्या हे एमआरआयमध्ये दिसले. ४ रुग्णांत त्या ग्रंथीत पडल्याच नव्हत्या! ही खूण नसती, तर उपचार फसल्याचा ठपका बिचाऱ्या पेशींवर आला असता.

मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचारांत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. हृदयात किंवा मेंदूत सोडलेल्या पेशी तिथेच थांबल्या, भरकटल्या की मेल्या? खूण करण्याची रीत तशी सोपी. डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचे वेष्टण असलेले लोह-ऑक्साइडचे कण पेशींबरोबर ठेवले, की पेशी ते गिळतात. एमआरआयच्या चुंबकीय क्षेत्रात अशा पेशींच्या जागी काळा डाग उमटतो.

मग शरीरात लोह साठून विषबाधा होणार नाही का? हिशेब करून पाहू. एका पेशीत साधारण १० ते २० पिकोग्रॅम लोह मावते. १ कोटी पेशी टोचल्या, तरी एकूण लोह फार तर ०.२ मिलिग्रॅम. रक्ताच्या एका पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह मिळते. तेव्हा रुग्णाच्या शरीराला या मात्रेची फारशी भीती नाही.

भीती आहे ती खूण केलेल्या पेशीलाच. गिळलेले कण पेशीतल्या लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी कप्प्यात हळूहळू विरघळतात. सुटलेल्या लोहाची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली, की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि तो डीएनएवरही घाव घालतो. पेशी मरत नसली, तरी तिचे वागणे बदलू शकते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांना २००४ साली आढळले, की खूण केलेल्या मूलपेशींपासून चरबी आणि हाड बनते, पण कूर्चा नीट बनत नाही. दुसऱ्या गटाने पद्धत बदलून प्रयोग केला, तेव्हा कूर्चाही बनली. म्हणजे ‘हे कण सुरक्षित आहेत’ असे सरसकट विधान करण्यात अर्थ नाही. कुठला कण, किती मात्रेत, कुठल्या पेशीत, हे सांगावेच लागते. खुणेसाठीच वापरले जाणारे, क्वांटम डॉट्स नावाचे कॅडमियमयुक्त नॅनोकण सुंदर चमकतात, पण कवच झिजले की विषारी कॅडमियम सुटते. माणसात ते वापरण्याच्या गोष्टी न केलेल्या बऱ्या.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका विषाचा नाही, चुकीच्या वाचनाचा आहे. पेशी विभागली, की लोह निम्मे-निम्मे वाटले जाते. ५ विभाजनांनंतर प्रत्येकीच्या वाट्याला बत्तिसावा भाग येतो आणि जिवंत पेशी दिसेनाशा होतात. उलट पेशी मेली, तर तिचे लोह मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी गिळून तिथेच बसतात. घरमालक गेला, तरी दारावरची पाटी तशीच राहावी, तसे हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांच्या हृदयावरच्या प्रयोगात असेच झाले: टोचलेल्या पेशी नष्ट झाल्या, एमआरआयमधला डाग मात्र राहिला. असा डाग पाहून डॉक्टरांनी उपचार यशस्वी मानला, तर नुकसान रुग्णाचेच. म्हणून केवळ लोहाच्या खुणेवर विसंबू नये. पेशी जिवंत असेपर्यंतच संकेत देणाऱ्या जनुकीय खुणेची किंवा अवयवाच्या कामाच्या मोजमापाची जोड हवी.

भारतात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचे मूलपेशी-प्रत्यारोपण वगळता बाकी वापर नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. गुडघ्यासाठी किंवा मेंदूसाठी कुणी पैसे घेऊन मूलपेशी टोचू पाहत असेल, तर आधी चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. पेशी कुठे जातात आणि किती जगतात हे कसे तपासणार, तेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर सुई टोचून घेऊ नका.