पोहोचलेल्यांची सरासरी

घरापासून कामाच्या ठिकाणी पोहोचायला किती मिनिटे लागतात? हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारून पाहा. उत्तरे बहुधा दहा, पंधरा, तीस, पंचेचाळीस अशीच येतील. 'सतरा मिनिटे' असे सांगणारा विरळाच. अमेरिकेच्या जनगणनेत हा प्रश्न १९८० साली प्रथम विचारला गेला. आता तो एका पाहणीद्वारे दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर पाठवला जातो. आलेल्या उत्तरांची सरासरी १९८० मध्ये सुमारे २२ मिनिटे होती, ती २०१९ मध्ये सुमारे २८ मिनिटांवर गेली.

हा आकडा तेथील प्रत्येक काउंटीसाठीही काढतात. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. देशात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा ग्रामीण आहेत. मैलोगणती शेते किंवा कुरणे, मध्ये एखादे छोटे गाव, त्यात न्यायालय, शाळा आणि दवाखाना. मोठा कारखाना किंवा रुग्णालय असले तर ते पुष्कळदा शेजारच्या काउंटीत. बसगाडी जवळजवळ नाहीच, म्हणून कामाला जायचे तर मोटार हवी. तरीही मैदानी प्रदेशातील कित्येक ग्रामीण काउंट्यांची सरासरी देशाच्या सरासरीपेक्षा कमी निघते. मग तेथील कामगारांना प्रवासाची अडचण नाही, असे म्हणावे काय?

दहा जणांचे गणित

समजा, एका वस्तीत दहा कामगार आहेत. त्यांना कामावर पोहोचायला लागणारी मिनिटे अशी: ५, ५, ५, १०, १०, १०, १५, २०, ६०, ९०. बेरीज २३०, म्हणून सरासरी २३ मिनिटे. पण २३ मिनिटे प्रवास करणारा यांत एकही नाही. सात जण पंधरा मिनिटांत किंवा त्याआधीच पोहोचतात. मध्यक काढला तर तो १० मिनिटे येतो. टोकाच्या दोघांनी सरासरी वर ओढली आहे.

आता समजा, ९० मिनिटे प्रवास करणाऱ्या बाईंची जुनी मोटार बंद पडली. दुरुस्तीला पैसे नाहीत आणि दुसरे वाहन नाही, त्यामुळे नोकरी गेली. उरलेल्या नऊ जणांची बेरीज १४०, म्हणजे सरासरी सुमारे साडेपंधरा मिनिटे. अहवाल म्हणेल, प्रवासाचा वेळ साडेसात मिनिटांनी घटला! रस्ता सुधारला नाही, बस सुरू झाली नाही. फक्त एक बाई यादीतून गेली.

ही हिशेबाची चूक नव्हे. कामावर असणाऱ्या आणि घराबाहेर काम करणाऱ्या व्यक्तींचीच सरासरी काढायची, असा नियमच आहे. त्या बाईंनी घरी बसून शिवणकाम सुरू केले, तरी त्या या सरासरीत येणार नाहीत. त्या काम शोधत राहिल्या, तर बेकारांच्या संख्येत दिसतील. शोध सोडला, तर तेथेही दिसणार नाहीत. हा आकडा जे पोहोचले त्यांचा आहे. अंतरामुळे जे पोहोचूच शकले नाहीत, त्यांच्याबद्दल तो काहीच बोलत नाही.

याचे प्रत्यक्ष उदाहरणही आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील सुमारे ६ टक्के कामगार घरून काम करीत होते. करोनाच्या साथीनंतर, २०२१ मध्ये, ते प्रमाण सुमारे १८ टक्के झाले आणि राष्ट्रीय सरासरी दोन मिनिटांनी उतरली. रस्ते मोकळे झाल्याचा त्यात वाटा असेलच. पण कोट्यवधी माणसे या हिशेबातून बाहेर पडली होती, हेही विसरून चालणार नाही.

मिनिटे आणि किलोमीटर

शहरात गर्दीतून ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस अर्ध्या तासात १० किलोमीटर जातो. मोकळ्या ग्रामीण रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा तेवढ्याच वेळात ४० किलोमीटर कापतो. तक्त्यात दोघांपुढे '३०' हाच आकडा पडतो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मोटारीची चाके चौपट फिरतात, आणि पेट्रोलचा भाव वाढला की त्याची झळ त्याला अधिक बसते.

शेजाऱ्याच्या मोटारीतून जाणे हा यावरचा जुना उपाय. १९८० मध्ये अमेरिकेतील सुमारे २० टक्के कामगार अशा सामायिक मोटारीने जात. २०१९ पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आले, आणि एकट्याने मोटार चालवत जाणारे ७६ टक्के झाले. बस नसलेल्या भागात शेजाऱ्याची मोटार हीच बस असते. तीही गेली, की मोटार नसलेल्याला दूरची नोकरी धरता येत नाही.

थोडी माणसे, मोठी अनिश्चितता

टेक्सास राज्यातील लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे होती. एवढ्या थोड्या लोकांत पाहणीची उत्तरे मूठभरच मिळणार. म्हणून २० हजारांपेक्षा लहान वस्तीच्या भागांसाठी पाच वर्षांची उत्तरे एकत्र करूनच आकडा देतात, आणि त्यासोबत चुकीची मर्यादाही छापतात. समजा, एका काउंटीचा आकडा १८ ± ४ आणि दुसरीचा २१ ± ५ मिनिटे आहे. पहिलीचा पट्टा १४ ते २२ आणि दुसरीचा १६ ते २६. ते एकमेकांत इतके शिरलेले असताना 'दुसऱ्या काउंटीत प्रवास लांबला' असे म्हणण्याला आधार नाही.

आपल्याकडे

भारताच्या २०११ च्या जनगणनेत मिनिटे विचारली नव्हती. अंतर आणि वाहन विचारले होते. पण हा प्रश्न शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील कामगार सोडून इतरांपुरताच होता. पहाटे टेम्पोत दाटीने बसून दुसऱ्या गावी खुरपणीला जाणाऱ्या मजूर बाया त्या तक्त्यात नाहीत. ग्रामीण महाराष्ट्रात रोजच्या प्रवासाचा अंदाज त्या तक्त्यावरून बांधताना ही रिकामी जागा ध्यानात ठेवायला हवी.

नववी-दहावीच्या वर्गात हे सहज करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आळीतील दहा मोठ्या माणसांना चार गोष्टी विचाराव्यात: मिनिटे, किलोमीटर, वाहन आणि रोजचा खर्च. सरासरी आणि मध्यक काढून त्यांतील फरक पाहावा. पाचच्या पटीतील उत्तरे किती आली, तेही मोजावे. मग पाचवा प्रश्न विचारावा, "लांब पडते म्हणून एखादे काम सोडावे किंवा नाकारावे लागले का?" हा प्रश्न घरी असणाऱ्या बायकांना आणि काम नसलेल्या तरुणांनाही विचारायला विसरू नये.

पहिल्या चार प्रश्नांचे तक्ते वहीत व्यवस्थित मांडता येतील. पाचव्याची उत्तरे त्यांच्याशेजारी लिहावीत आणि मगच वर्गात विचारावे, की या गावाला बस हवी की नको.